आईच्या बाजूचा पाइप

६ जानेवारी

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. आमच्याकडे सगळं ठीक आहे, फक्त बोळातून सरळ चालता येत नाही. माणसाच्या उंचीचं एक लांबलचक खोकं येऊन तिथे आडवं झालं आहे, आणि तेव्हापासून आम्ही सगळे भिंतीला पाठ लावून ये-जा करतो. आत काय आहे ते सांगते. तुमच्या बंधुराजांच्या त्या जुन्या, दोन माणसांच्या, बिनछपराच्या स्पोर्ट्स कारसाठी सायलेन्सरचे दोन पाइप आहेत. साधे नव्हेत हो. साध्या गाडीचा धूर मागून निघतो. हिचा आता दोन्ही अंगांनी निघणार, म्हणजे पाइप गाडीच्या बाहेरून, दाराच्या बरोबर खाली, पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत आडवे जाणार. इतके चकचकीत आहेत की काल मी त्यात बघून केस विंचरले. दिवसभर दुकानात बसून लोकांना चष्मे लावून देणाऱ्या माणसाला स्वतःच्या घरातला बोळ दिसू नये, याला काय म्हणावं?

आई मात्र खुशीत आहेत. तुमच्याकडे यायचं तर याच गाडीतून, शेजारच्या सीटवर बसून, असं त्यांनी जाहीर केलं आहे. बसच्या पायऱ्या नकोत, टॅक्सी तर नकोच. जन्मभर ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शेजारी बसून, तिथल्या जादा ब्रेकवर पाय ठेवून त्यांनी निम्म्या गावाला गाडी शिकवली. ती जागा त्यांची, यात वाद नाही.

आता पत्र लिहिण्याचं खरं कारण. गेल्या महिन्यात आई कोपऱ्यावरच्या दुकानातून परत आल्या, तेव्हा त्यांच्या एकाच पायात चप्पल होती. दुसरी वाटेत कुठेतरी निसटली होती आणि त्यांना पत्ता नव्हता. मी विचारल्यावर त्यांनी खाली पाहिलं. डॉक्टरांकडे मी एकटीच त्यांना घेऊन गेले. रक्तातल्या साखरेने पायांच्या नसा गेल्या आहेत, गुडघ्याखाली आता काही कळत नाही. खाली बघत बघत चालतात, म्हणून आपल्या कोणाच्या लक्षात आलं नाही. साधी जखमसुद्धा चिघळली तर पाय गमवावा लागेल, असं डॉक्टर स्पष्ट म्हणाले. हे मुलाला सांगायचं नाही, अशी आईंनी मला शपथ घातली आहे. त्याला कळलं तर तो मला खुर्चीत बसवून ठेवील आणि पाण्याचा पेलासुद्धा हातात आणून देईल, असं त्यांचं म्हणणं. तुमचं नाव त्यांनी घेतलं नाही, म्हणून तुम्हाला लिहायला मी मोकळी. वकील व्हायला हवं होतं मी.

तो पाइप किती तापतो हे तुम्हाला मी काय सांगावं. तुम्ही रोज कारखान्यात वाफेच्या नळांना उष्णता अडवायला काचेची लोकर गुंडाळता. उतरताना पोटरी टेकली तर तुम्ही-आम्ही हाय करून पाय ओढून घेऊ. आई घेणार नाहीत. त्या तशाच बोलत बसतील. माझं बोलणं इकडे कुरकूर म्हणून खपतं, तेव्हा तुम्हीच तुमच्या दादाला चार शब्द लिहा, पण शपथ सांभाळून.

लोभ आहे तो पाइपांसारखा चकाकला नाही तरी चालेल, टिकावा.

तुमची,
वहिनी


१४ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

बोळात तुझा खजिना येऊन पडल्याचं वहिनीकडून कळलं. अभिनंदन. आता बहीण म्हणून नव्हे, नळवाली म्हणून दोन गोष्टी लिहिते. राग मानू नकोस, मानलास तरी पत्र पुरं वाच.

पहिली गोष्ट. तुझं इंजिन सहा सिलिंडरचं आणि सहाही एका रांगेत. त्यांचा धूर एकाच अंगाने बाहेर पडतो, आणि ते अंग शेजारच्या सीटचं आहे. मागच्या खेपेला बॉनेट उघडून तूच मला तासभर उभं केलं होतंस, म्हणून लक्षात आहे. दोन बाजूंना दोन पाइप ज्या गाड्यांना असतात, त्यांची इंजिनंच दोन रांगांची असतात, चार इकडे आणि चार तिकडे. तू जोडी घेतलीस ती कशाच्या भरवशावर? चपला जोडीने घेतात म्हणून?

दुसरी गोष्ट उष्णतेची. आमच्याकडे माणसाच्या वाटेवरचा एकही नळ उघडा ठेवत नाहीत. उघड्या नळाला हात लागला तर कातडी तिथेच राहते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तुझा पाइप नेमका पोटरीच्या उंचीवर आणि नेमका दाराखाली. उतरणाऱ्याने काय करावं, लांब उडी मारावी? मागून धूर जात होता त्यात वाईट काय होतं? आणि हौस फारच असेल तर निदान शेजारच्या बाजूला नको. आई बसणार आहे म्हणे तिथे. तिचं वय लक्षात घे, एवढंच लिहिते.

आईला नमस्कार. मायेत उणं पडू देऊ नकोस, सल्ला ऐकला नाहीस तरी.

तुझी,
धाकटी


२२ जानेवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून आम्ही दोघं खूप हसलो, म्हणजे मी आणि गाडी. चपलांचा टोमणा पोचला. पण बाईसाहेब, मी इतका काही अडाणी नाही. सहा सिलिंडरांपैकी पुढचे तीन शेजारच्या बाजूला, मागचे तीन इंजिनाखालून वळवून चालकाच्या बाजूला. तीन इकडे, तीन तिकडे. जुन्या गाड्यांवाल्यांचा मेळावा मार्चमध्ये आहे. गेल्या वर्षी तिथे माझ्या गाडीपाशी एक माणूस थांबला होता, तोही बुटाची नाडी बांधायला. यंदा थांबतील.

काम जोरात आहे. पुढच्या चाकामागच्या पत्र्याला भोक पाडायचं होतं. जुना पत्रा, एकदा कापला की कापला. कागदाचा साचा चिकटवून, हातकरवतीने कापून, कानशीने कडा घासल्या.  गाडी ठोकळ्यांवर उचलून दोन्ही पाइप बसवले, नटबोल्ट आवळले आणि ऐटीत गाडी खाली उतरवली. तर स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर पाइपला घासतो! गाडी वर असताना चाकं लोंबत होती, खाली आल्यावर ती वर सरकली. आई खुर्ची टाकून शेजारीच बसली होती. तिने आधीच विचारलं होतं की वजन टेकवून स्टिअरिंग फिरवून पाहिलंस का, आणि मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं होतं. मग तिने मला सगळ्यांसमोर नापास केलं. शिकवणं सोडलं तरी नापास करायची हौस गेलेली नाही. खरं तर कंटाळा आला म्हणून तिने ते का सोडलं, हे मला अजून उमगत नाही. त्या सीटवर ती राणीसारखी बसायची.

राहता राहिली उष्णता. पाइपावर भोकाभोकांचं पत्र्याचं कवच आहे. तरीही कोणाचा पाय लागलाच, तर चटका बसतो आणि माणूस आपोआप पाय मागे घेतो. निसर्गाने ती सोय करून ठेवली आहे, त्याला तुझी लोकर कशाला? आईची काळजी मलाही आहे.

तुझ्यावर लोभ आहे, तो नापास झालो म्हणून कमी करणार नाही.

तुझा,
दादा


२९ जानेवारी

प्रिय वहिनी,
स. न. वि. वि.

दादाचं पत्र आलं. निसर्गाने सोय केली आहे म्हणतो. वाचून हसू आलं आणि मग अजिबात आलं नाही. जी सोय आईची गेली, नेमक्या तिच्याच भरवशावर तो बसला आहे, आणि ते त्याला सांगायची आपल्याला चोरी.

शब्दांनी तो ऐकणार नाही, तेव्हा डोळ्यांना दाखवावं. गाडी चांगली फिरवून आणली की मेणबत्तीचा एक तुकडा त्या कवचावर ठेव. मेण जसंच्या तसं राहिलं तर आईला बसू दे. वितळलं, तर ते त्याला दाखव आणि माझं नाव सांग. सोबत लोकरीची पट्टी पाठवते आहे, ती कवचाखाली गुंडाळायला सांग. थोडा फरक पडेल, पुरेसा पडेल असं मात्र मी लिहून देणार नाही.

आणि वहिनी, अगदीच वेळ आली तर शपथ मोड. त्याचं पाप मी वाटून घेईन. आईचा पाय गेल्यावर शपथ काय चाटायची आहे?

जीव लावतेस तो असाच लावत राहा.

तुझीच,
धाकटी


८ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

शपथ मोडावी लागली नाही, पण झालं ते त्याहून वाईट झालं. आईंना आता बरं आहे, हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं नीट वाचाल.

रविवारी पट्टी गुंडाळून हे गाडी फिरवून आले. आवाज असा की खिडकीच्या काचा किणकिणल्या आणि शेजारचे निवृत्त हेडमास्तर शाल सावरत बाहेर आले. मी मेणबत्तीचा तुकडा ठेवला. बघता बघता त्याचं पाणी होऊन खाली ओघळलं. वाकून नीट पाहायला गेले, तर माझ्या चपलेचं टोक कवचाला चिकटलं. यांना हसू आवरेना. मेणाला अक्कल नसते, माणसाला असते, असं म्हणाले.

तेवढ्यात आईंना गाडीत बसून पाहायचं होतं. नुसतं बसायचं आणि उतरायचं, सराव म्हणून. मी दोनदा नको म्हटलं. बसल्या, सीटवर हात फिरवला, खूश झाल्या. मग उतरण्यासाठी दार उघडून एक पाय बाहेर टाकला आणि तशाच बसून राहिल्या, क्लच कसा सोडावा ते यांना समजावत. मला आधी वास आला. यांचंही लक्ष गेलं. आईंची पोटरी पाइपाला टेकली होती, मोज्यातून धूर निघत होता, आणि आई बोलत होत्या. क्लच हळू, एकदम नाही, हळू.

यांनी माझ्याकडे पाहिलं. वन्सं, इतक्या वर्षांत यांनी माझ्याकडे तसं कधी पाहिलेलं नाही. मग खाली वाकून, जणू बुटाची नाडी नीट करताहेत असे, यांनी आईंचा पाय अलगद उचलून बाजूला ठेवला. आईंचं बोलणं संपेपर्यंत हे तसेच खाली बसून होते. घरात आल्यावर मी पाहिलं, बटणाएवढा फोड आला होता आणि भोवती लाल. बूट चावला असेल, असं आई म्हणाल्या. मी हो म्हटलं. डॉक्टर रोज पट्टी बदलतात, थोडक्यात निभावलं म्हणतात.

त्या दिवसापासून गाडीवर ताडपत्री आहे. हे मला काही विचारत नाहीत आणि आईंनाही नाही. आईंना वाटतं, त्याने टायर घासतो म्हणून हात टेकले. आपलं जाणं बारगळलं, असं धरून त्या खोलीत बसून असतात. मला दोघांचंही बघवत नाही.

तुमचा आधार आहे, तो असू द्या.

तुमची,
वहिनी


११ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

तुला माहीत होतं. तुझं पत्र पुन्हा काढून वाचलं, तिचं वय लक्षात घे या ओळीपाशी थांबलो. तुझ्या वहिनीलाही माहीत होतं. रागावलो आहे, पण कोणावर ते ठरवता येत नाही, म्हणून ते राहू दे.

ती बोलत होती धाकटे. तिचा पाय भाजत होता आणि ती मला शिकवत होती. आणि मी तुला निसर्गाच्या सोयीवर व्याख्यान झोडलं होतं. कंटाळा आला म्हणून तिने शिकवणं सोडलं, हेही मी खरं मानलं. ब्रेकवर पाय आहे की नाही हे कळेना, तेव्हा सोडलं असणार. शिकाऊ माणूस चाक हातात धरून बसलेला आणि आपला पाय आपल्याला कळत नाही. कोणाला न सांगता ती तिथून उठून आली. मला फार वाईट वाटतं आहे.

आता कामाचं. तिने मला सांगितलेलं नाही, म्हणजे मला माहीत नाही. हे मी असंच ठेवणार आहे. म्हणून तिच्या बाजूचा पाइप काढता येत नाही. काढला की ती कारण ओळखेल, आणि मग तुझ्याकडे येणं, त्या सीटवर बसणं, सगळं आपणहून सोडून देईल. तेव्हा विचारतो: सहाच्या सहा सिलिंडरांचा धूर इंजिनाखालून आडवा नेऊन चालकाच्या बाजूच्या एकाच पाइपातून सोडता येईल का? तिच्या बाजूचा पाइप जागेवर राहील, आतून बंद. दिसायला तसाच, पण त्यातून काही जाणार नाही. टायर घासतो म्हणून सगळं उलगडून पुन्हा करतो आहे, असं तिला सांगेन. ते अर्धं खरंच आहे.

इंजिनाचा दम थोडा कोंडेल, ते मला कळतं. बाकी काय होईल ते कळव. उशीर करू नकोस.

तुझा,
दादा


१५ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

येईल. आडवा नळ गोल नको, जमिनीला लागेल. चपटा करून घे, आणि तो इंजिनाच्या लगेच मागून ने, म्हणजे आईच्या पायाखाली येणार नाही. तिच्या बाजूला जिथे धूर इंजिनातून निघतो तिथपासून खाली वळेपर्यंत लोकरीचे तीन थर दे, आणि तिच्या पायाखालच्या पत्र्याला आतून एक थर. जाड पट्टी वेगळी पाठवली आहे. बंद पाइपाच्या तोंडाला चकती लाव, म्हणजे आत गरम हवाही शिरणार नाही. मग पुन्हा मेणबत्ती. या वेळी तुकडा तूच ठेव.

मेळाव्यात मात्र तुझी फजिती होणार, हे धरून चाल. जाणत्या माणसाला एका बाजूचा आवाज लगेच कळतो.

सांगितलं नाही म्हणून माझ्यावर रागाव, वहिनीवर नको. आणि दादा, चपलांच्या जोडीचा टोमणा मी मागे घेते.

तुझा जीव आहेच माझ्यावर, माझाही आहे.

धाकटी


१० मार्च

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

गाडी तयार आहे. तिच्यासाठी तुमच्या दादांनी दुकान अर्धा अर्धा दिवस बंद ठेवलं. वेल्डरने चपटा नळ दोनदा चुकवला, तेव्हा हे त्याच्या शेजारी उकिडवे बसून राहिले, तिसऱ्यांदा बरोबर झाला तेव्हाच उठले. मेणाचा तुकडा यांनी स्वतः ठेवला आणि आम्ही दोघं त्याच्याकडे बघत बसलो. जसाच्या तसा राहिला. मग यांनी बूट-मोजा काढून स्वतःची पोटरी त्या पाइपाला टेकवली आणि कितीतरी वेळ तशीच ठेवली. 

मेळाव्यालाही गेलो. आईंना नेलं नव्हतं. लोक थांबले, वाहवा झाली, हे फुलले. मग एका दाढीवाल्या गृहस्थांनी इंजिनाच्या आवाजाला कान दिला, वाकून शेजारच्या बाजूच्या पाइपावर तळवा ठेवला आणि हा तर थंडगार आहे, असं चारचौघांत मोठ्याने सांगितलं. खूप हसले सगळे. खोटा दात, असं गाडीचं नावही ठेवून झालं. मला वाटलं, आता हे भांडतील किंवा काहीतरी थाप मारतील. यांनी फक्त, हो, खोटाच आहे, एवढं म्हटलं आणि फडक्याने त्यावरचा हाताचा ठसा पुसला. वन्सं, या माणसाशी लग्न केल्याचा मला त्या दिवशी फार आनंद झाला. हे त्यांना कळवू नका, डोक्यावर बसतील.

आईंची जखम पूर्ण भरली. येत्या शनिवारी ते दोघं निघतील. दोनच सीटा असल्याने माझी सुटका झाली आहे. तिथून परत पाठवताना आईंना लोणच्यासारखं मुरवून ठेवू नका, इकडे घर ओकंबोकं वाटतं.

प्रेम आहे, ते दोन सीटांत मावणारं नाही.

तुमची,
वहिनी


२७ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. तुझ्या घरी आराम झाला, पण तुझ्या गाडीचे आरसे चुकीचे लावलेले आहेत, ते ताबडतोब नीट कर.

दादा चांगला चालवतो. एकदाच चुकला. तुमच्या कारखान्याजवळच्या चौकात एक सायकलवाला आडवा आला, आणि माझा पाय जुन्या सवयीने खाली दाबला गेला. दाबला गेला हे मला खाली बघूनच कळलं. तिथे ब्रेक नव्हता, नुसता पत्रा होता. पण गाडी थांबली, कारण त्याने त्याच क्षणी त्याचा ब्रेक दाबला होता. मीच शिकवलं आहे त्याला. मला फार बरं वाटलं.

आता जे लिहिते ते तुझ्यापाशीच ठेव. गाडीत बसण्याआधी गाडीभोवती एक फेरी मारायची, टायर बघायचे, सगळीकडे हात लावून पाहायचा, हे मी जन्मभर शिकवलं. निघायच्या दिवशी तो इंजिन गरम करून कुलूप लावायला आत गेला, तेव्हा मी फेरी मारली. पाय गेले असले तरी हात शाबूत आहेत. त्याच्या बाजूच्या पाइपाजवळ हात नेताच धग लागली. माझ्या बाजूच्या पाइपावर तळवा टेकवला, तर तो पाण्याच्या माठासारखा गार होता. मी तशीच उभी राहिले. मोजा जळाल्याचं मी रात्री पाहिलं होतं, आणि बूट पोटरीला चावत नाही हे मलाही कळतं. तेव्हा त्याने काय केलं आणि का केलं, हे समजायला मला वेळ लागला नाही.

तू आणि तुझी वहिनी काय उद्योग करत होतात, ते मी नंतर बघणार आहे.

त्याला वाटतं मला माहीत नाही. प्रत्येक वेळी उतरताना तो धावत माझ्या बाजूला येतो, दार धरतो आणि सांगतो की आई, जपून, पाइप तापला आहे. मी म्हणते, हो रे, चांगलाच तापलाय. मग खाली नीट बघते, पाय उंच उचलते, त्या गार पाइपावरून लांब नेऊन जमिनीवर ठेवते. तुझ्या दाराशी तू मला हसलीस, की म्हातारी कुंपण ओलांडल्यासारखी उतरते म्हणून. हसू दे. तो बघत असतो ना.

पुढच्या महिन्यात पुन्हा येऊ म्हणतो आहे. मी हो म्हटलं आहे.

तुझी,
आई